झरणी वाहती राहावी

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखून त्या शेजारी लेखणी ठेवण्याची प्रथा आपल्याकडे आजही अनेक घरांत आणि पेढ्यांवर पाळली जाते. दसऱ्याला कारागीर आपली हत्यारे पुसून पूजतो, त्याच भावनेने लिहिणारा आपली लेखणी पूजतो. साधनाला नुसती वस्तू न मानता सहकारी मानणारी ही दृष्टी आहे. परंतु त्या पाटावर आज जी लेखणी ठेवली जाते, ती बहुधा पाच-दहा रुपयांची असते आणि पुढची पौर्णिमा येण्यापूर्वीच कचऱ्याच्या डब्यात गेलेली असते. जिची दुरुस्ती होऊ शकत नाही, जी संपली की टाकूनच द्यावी लागते, अशा वस्तूशी सहकाऱ्याचे नाते जडणार तरी कसे? पूजा उरली आणि पूजेचा विषय निसटला, अशी ही अवस्था आहे.

या पार्श्वभूमीवर एका छंदाने गेल्या काही वर्षांत सुशिक्षित कुटुंबांत मूळ धरले आहे. जुनी शाईची पेने शोधायची, त्यांची दुरुस्ती करायची आणि त्यांना पुन्हा लिहिते करायचे. पुण्या-मुंबईत अशा पेनांची प्रदर्शने भरतात, जाणकार एकमेकांना निबा आणि टोपणे पुरवितात. काहींना हे श्रीमंतांचे चोचले वाटतात, तर काहींना गतकाळाचे उमाळे. या दोन्ही आक्षेपांत थोडे तथ्य आहे. तथापि या छंदाच्या पोटात एक गंभीर सामाजिक आशय दडलेला आहे, आणि तो ओळखला तर हा छंद महानगरांतील दिवाणखान्यापुरता न राहता परंड्यासारख्या तालुक्याच्या गावातही रुजू शकेल, नव्हे तेथेच तो अधिक सार्थ ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तोफेचे गाव, तसेच अक्षराचेही

धाराशिव जिल्ह्यातील परंडा म्हटले की इतिहासप्रेमींना तेथील भुईकोट किल्ला आठवतो. अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर काही काळ निजामशाहीची राजधानी येथे होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली प्रचंड ‘मलिक-ए-मैदान’ तोफ याच किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये ती येथून विजापुरास नेण्यात आली. पण या तालुक्याचा दुसरा वारसा तोफेहून शांत आणि तोफेहून दीर्घायुषी आहे. सीना नदीच्या काठी, परंड्याच्या परिसरातच, डोमगाव येथे समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. समर्थांनी सांगावे आणि कल्याणांनी लिहून घ्यावे, अशा रीतीने ‘दासबोध’ ग्रंथ सिद्ध झाला. कल्याणांच्या हातची प्रत डोमगावच्या मठात जतन झाली आणि धुळ्याचे समर्थभक्त संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिच्या आधारे १९०५ मध्ये ‘दासबोध’ मुद्रित स्वरूपात महाराष्ट्राच्या हाती दिला. एका लेखकूच्या स्थिर हाताने आणि मठाच्या निष्ठेने ग्रंथ अडीच शतके कसा सांभाळला, याचे हे ठळक उदाहरण होय.

याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्मग्रंथाने बोरू, शाई आणि कागद यांसाठी एक संपूर्ण समास राखून ठेवावा, ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने लक्षात घेतली जात नाही. अक्षर वाटोळे, सुटे आणि काळेभोर असावे, ग्रंथाच्या आरंभी जसे असेल तसेच अखेरीस असावे, ओळी एकमेकींना भिडू नयेत, कडेला कोरी जागा सोडावी म्हणजे कागदाची कड झडली तरी मजकूर शाबूत राहील, असा तो उपदेश आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही, इतका व्यावहारिक सल्लाही त्यात आहे. देशोदेशींचे बोरू आणावेत, ते बारीक, सरळ आणि टणक पाहून घ्यावेत, सुरी-कातरी जवळ बाळगावी, असे साधनांचे तपशील त्यात येतात. आजच्या भाषेत बोलायचे, तर उत्तम लेखण्या पारखून जमविणे आणि त्या कामाच्या स्थितीत ठेवणे या गोष्टीला समर्थांनी कर्तव्याचा दर्जा दिला होता. मात्र त्या सर्व खटाटोपाचे प्रयोजन एकच होते. अक्षर टिकावे. हे प्रयोजन विसरले की संग्रह उरतो आणि साधना संपते. या लेखातील पुढील सर्व विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

बोरूपासून झरणीपर्यंत

बोरूच्या टोकाला सुरीने जी चीर दिली जाते, तीच चीर पुढे टाकाच्या पोलादी निबेत आली आणि तीच आज शाईपेनाच्या निबेत आहे. त्या चिरेतून शाई उतरते ती केशाकर्षणाने. १८८४ मध्ये अमेरिकेत वॉटरमन यांनी ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्याचे वैशिष्ट्य निबेत नव्हते, तर निबेखालच्या ‘जिभे’त होते. शाई जेवढी खाली उतरेल तेवढी हवा वर नळीत गेली पाहिजे, हा तोल त्या जिभेवरील बारीक खाचांनी साधला. मराठीत या पेनाला ‘झरणी’ असा सुंदर शब्द मिळाला. झऱ्याप्रमाणे जी आपण होऊन पाझरते ती झरणी. शब्द घडविणाऱ्याने यंत्राचे मर्म अचूक पकडले होते.

आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीच्या हाती शाळेत हीच झरणी होती. पाटीवरून शिसपेन्सिल आणि शिसपेन्सिलीवरून शाईपेन ही बढती मुलांना मुंजीइतकी महत्त्वाची वाटे. ड्रॉपरने शाई भरणे, सांडलेली शाई खडूने टिपणे, निब जिभेवर नीट बसविणे, नवी निब कागदावर गिरवून ‘चालती’ करणे, हे सारे न शिकविता येत असे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खिशातले पेन अर्धे रिकामे असले की हमखास डाग पडे. त्याचे कारण सरळ आहे. नळीत शाई कमी आणि हवा अधिक असली, तर अंगाच्या व उन्हाच्या उष्णतेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. पेन भरलेले ठेवावे हा मास्तरांचा दंडक शिस्तीपुरता नव्हता, त्यामागे पदार्थविज्ञान होते. साधन उघडून पाहता येत असे, म्हणून ते समजत असे. ज्या पिढीला कोणतीच वस्तू उघडावी लागत नाही, तिला कोणत्याच वस्तूचे मर्म कळत नाही, ही आजची खरी अडचण आहे.

एका पेनामागील स्वदेशी

या छंदाकडे पाहताना आपण बहुधा पार्कर, शेफर, वॉटरमन अशी परदेशी नावे घेतो. ती पेने उत्तम होती, यात शंका नाही. १९४१ मध्ये बाजारात आलेले ‘पार्कर ५१’ आजही नीट धुऊन घेतले तर निमूटपणे लिहू लागते. पण संग्राहकाने स्वतःच्या देशाचा इतिहास न वाचताच परदेशी पेनांच्या मागे धावणे हे घरचे दप्तर बंद ठेवून शेजाऱ्याची बखर वाचण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी काशीमध्ये डॉ. राधिकानाथ साहा यांनी स्वतःच्या रचनेचे ‘लक्ष्मी’ नावाचे पेन घडविले. आंध्रातील राजमहेंद्री येथे कोसुरी वेंकट रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास एबोनाइटची पेने बनविण्यास प्रारंभ केला. गांधीजींनी स्वदेशी पेनाचा आग्रह धरला होता. रत्नम यांचे पेन हाती आल्यावर १६ जुलै १९३५ रोजी त्यांनी पत्र पाठवून आभार मानले आणि परदेशी पेनांना हा चांगला पर्याय असल्याचा अभिप्राय दिला. एका लहान गावातील कारागिराने साम्राज्याच्या बाजारपेठेला दिलेले ते उत्तर होते, आणि ते घोषणेचे नव्हते, लेथवर कातलेले होते.

महाराष्ट्राचा वाटाही यात मोठा आहे. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू यांनी १९३१ मध्ये मुंबईत गिरगावात दांडेकर आणि कंपनी सुरू केली. आरंभी शाईची भुकटी आणि वड्या, आणि मग शाईपेनासाठी ‘कॅमल’ शाई, असा तो प्रवास झाला. पुढे ‘कॅमलिन’ या नावाने तो महाराष्ट्राच्या प्रत्येक शाळेत पोहोचला. २०११ पासून या कंपनीची सूत्रे जपानच्या ‘कोकुयो’ उद्योगाकडे आहेत. हे केवळ खंत करण्यासारखे नाही, विचार करण्यासारखेही आहे. बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ शाई काढली. ती स्वदेशीच्या संकल्पातूनच निघाली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो कारखाना बंद पडला, नंतर पुन्हा सुरू झाला आणि आज त्याच्या शाया घेण्यासाठी तरुण मुले मागणी नोंदवीत असतात. मरण पावलेला उद्योगही ग्राहकांच्या आस्थेवर पुन्हा उभा राहू शकतो, हा त्यातील धडा आहे.

मराठवाड्यापुरते बोलायचे, तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. साहजिकच येथील वकील, शिक्षक, कारकून यांची बाजारपेठ हैदराबाद होती, आणि त्या शहरात १९२८ पासून डेक्कन पेन स्टोअर्ससारखे पेनांना वाहिलेले दुकान उभे होते. परंड्यातील एखाद्या जुन्या वाड्याच्या कपाटात आज काळपट, जाडसर एबोनाइटचे पेन सापडले, तर ते हैदराबादच्या वाटेने आले असण्याचा संभव मोठा आहे. ज्या काळात मराठी शाळा थोड्या होत्या, त्या काळात मराठी पत्र, मराठी अर्ज, मराठी टिपण ज्या लेखणीने लिहिले गेले, ती लेखणी हा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाचा एक मूक साक्षीदार आहे. तिची किंमत परदेशी सूचीपुस्तकात सापडणार नाही.

अकरा लाखांचे पेन आणि साधेपणाची थट्टा

छंदाचे बाजारात रूपांतर झाले की काय होते, याचा नमुना २००९ मध्ये देशाने पाहिला. मों ब्लां या युरोपीय कंपनीने गांधीजींच्या नावे सोन्याचे पेन काढले. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून २४१ नग, आणि एकेकाची किंमत अकरा लाख रुपयांहून अधिक! ज्यांनी राजमहेंद्रीच्या कारागिराचे साधे पेन आनंदाने स्वीकारले, त्यांच्या नावाचा असा वापर अनेकांना रुचला नाही. प्रकरण केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये त्या पेनाची विक्री थांबविण्यात आली. विक्री थांबली, पण वृत्ती थांबलेली नाही. आजही कित्येक संग्राहक पेने डबीतून बाहेर काढीत नाहीत. शाई भरली तर किंमत उतरेल, ही त्यांना धास्ती असते. न लिहिलेले पेन हे न वाचलेल्या ग्रंथासारखे आणि न वाजविलेल्या तंबोऱ्यासारखे होय. त्याचे जतन झाले असे म्हणता येत नाही, त्याची केवळ कैद लांबली आहे.

जीर्णोद्धार म्हणजे रंगकाम नव्हे

आपल्याकडे जुन्या हेमाडपंती मंदिराचा ‘जीर्णोद्धार’ करताना कोरीव दगडावर तैलरंगाचे थर चढविले जातात आणि गाभाऱ्याला चकचकीत फरशा लावल्या जातात. भावना शुद्ध असते, पण शिल्प गुदमरते. पेनांच्या बाबतीत नेमकी हीच चूक होते. जुने पेन पॉलिश करून आरशासारखे चमकविले की त्यावरील निर्मात्याचे कोरीव नाव झिजते, मूळ पोत जातो. एका पेनाचे टोपण, दुसऱ्याची नळी आणि तिसऱ्याची निब जोडून ‘दुर्मीळ’ म्हणून विकणारेही बाजारात आहेत. खरा जीर्णोद्धार याहून संयमाचा असतो.

प्रथम पेन कशाचे बनले आहे, ते ओळखावे. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेले रबर. ते बोटाने घासले तर किंचित रबरासारखा वास येतो आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिले तर काळ्याचे तपकिरी-हिरवट होते. अशी नळी पाण्यात भिजत ठेवू नये, कारण रंग आणखी उडतो. निब आणि जीभ काढून केवळ तीच साध्या पाण्यात रात्रभर ठेवावीत. वाळलेली शाई हळूहळू सुटते. दोन-तीनदा पाणी बदलले की बहुतेक ‘बिघडलेली’ पेने येथेच बरी होतात. दुसरा प्रकार सेल्युलॉइडचा. हा पदार्थ कापूर आणि नायट्रोसेल्युलोज यांपासून होतो, म्हणून तो ज्वालाग्राही असतो. तो आगीजवळ नेऊ नये आणि त्याला स्पिरिट लावू नये. घट्ट बसलेला भाग जोराने पिळला तर नळी तडकते. मंद, कोरड्या उष्णतेने तो सैल करावा आणि धीर धरावा.

खटका ओढून शाई भरणाऱ्या जुन्या पेनांत रबराची एक लहान पिशवी असते. ती कालांतराने कडक होऊन तिचा चुरा होतो. नवी पिशवी बसविताना जगभरचे कारागीर आजही जो डिंक वापरतात, तो म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुंब या वृक्षांवरील कीटकांनी दिलेली, झारखंडच्या वनवासी बांधवांनी गोळा केलेली ही लाख शुद्ध होऊन लंडन-न्यूयॉर्कच्या पेन-दुरुस्तीच्या मेजावर पोहोचते. लाखेचा गुण असा की ती घट्ट धरते, पण पुन्हा उष्णता दिली की सोडते. त्यामुळे पन्नास वर्षांनी पुढचा कारागीर तीच पिशवी पुन्हा बदलू शकतो. आधुनिक झटपट डिंकाने चिकटविलेले पेन मात्र कायमचे मुके होते. दुरुस्ती अशी करावी की पुढच्या पिढीलाही दुरुस्ती करता यावी, हे सूत्र पेनापुरते मर्यादित आहे काय?

निबेच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. भिंगातून पाहून दोन्ही पाती समपातळीत आणावीत, पितळेच्या पातळ पत्र्याने चीर स्वच्छ करावी, पण टोक घासू नये. त्या टोकावरील कठीण धातूचा ठिपका पहिल्या मालकाच्या हाताच्या वळणाप्रमाणे झिजलेला असतो. ते वळण पुसणे म्हणजे त्याची सही पुसणे होय. आणि एक महत्त्वाची सूचना अशी की चित्रकलेची काळी शाई पेनात कधीही भरू नये. ती वाळली की पाण्याने सुटत नाही आणि जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात. शाईपेनाची शाईच वापरावी.

यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक भिंग, एक सुई नसलेली पिचकारी, थोडी लाख, जुना सुती कपडा आणि भरपूर सबुरी. श्रीमंतांचा छंद म्हणून याला हिणविणाऱ्यांनी ही यादी पुन्हा वाचावी.

कोरलेले नाव

जत्रेत आणि बाजारच्या दिवशी पेनावर नाव कोरून देणारे कारागीर बसत, हे अनेकांना स्मरत असेल. लहानशा टोकदार हत्याराने वळणदार अक्षरांत नाव कोरायचे आणि त्यात सोनेरी रंग भरून पुसून घ्यायचा. नोकरी लागली, बढती मिळाली, गुरुजी निवृत्त झाले की असे नावाचे पेन भेट दिले जाई. परदेशी संग्राहकांच्या बाजारात कोरलेल्या नावाने पेनाची किंमत सहसा घटते. पेन ‘नव्यासारखे’ नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून काही विक्रेते ते नाव घासून काढतात.

येथे आपण बाजाराचा निकष ठामपणे नाकारला पाहिजे. आपल्या दृष्टीने नाव असलेले पेनच मौल्यवान आहे. परंड्याच्या शाळेत तीस वर्षे शिकविणाऱ्या शिक्षकांचे, तहसील कचेरीत सात-बारा लिहिणाऱ्या कारकुनांचे, बार्शीच्या अडतीत हुंडी आणि पावत्या लिहिणाऱ्या मुनिमांचे चरित्र कोणी लिहिणार नाही. त्यांच्या नावाचे पुतळे उभारले जाणार नाहीत. त्या पेनावरील चार अक्षरे हाच त्यांचा शिलालेख आहे. संग्राहकाने तो शिलालेख वाचायचा असतो, खरवडायचा नसतो. मराठवाड्याचा लिखित इतिहास आधीच विरळ आहे. त्यात जे थोडे धागे घराघरांत उरले आहेत, ते भंगाराच्या भावाने किंवा लिलावाच्या भावाने गेले, तर नुकसान सारखेच. एका वाटेने वस्तू नष्ट होते, दुसरीने तिची ओळख नष्ट होते.

आक्षेप आणि उत्तर

बॉलपेनने लेखन स्वस्त केले, गरिबाच्या मुलाच्या हातात सहज पोहोचविले, हे मान्य केलेच पाहिजे. १९३८ मध्ये लाझ्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिने शाई सांडण्याच्या कटकटीतून जगाला सोडविले. खरबरीत कागदावर, कार्बन घालून, उभ्या-उभ्या लिहिणाऱ्या वाहकाला किंवा पोस्टमनला तेच साधन योग्य. त्याचा द्वेष करण्याचे कारण नाही. संगणक आणि भ्रमणध्वनी यांनी मराठी लेखनाचा जो विस्तार केला, तोही नाकारण्यासारखा नाही. प्रश्न शाईपेन विरुद्ध बॉलपेन असा नाहीच. समाजाच्या हातात टाकाऊ वस्तूंबरोबर काही टिकाऊ वस्तूही असाव्यात की नाही, आणि वस्तू दुरुस्त करण्याची विद्या असावी की नाही, हा तो प्रश्न आहे. तालुक्याच्या गावातील घड्याळजी, कल्हईवाला, छत्री आणि पेन दुरुस्त करणारा हे एकामागून एक उठून गेले. त्यांच्याबरोबर केवळ चार व्यवसाय गेले नाहीत, ‘हे नीट होऊ शकते’ हा विश्वास गेला. बिघडले की टाका, हा वस्तूंना लावलेला न्याय माणसांना आणि नात्यांनाही लागू व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की हस्ताक्षराचे युगच संपले, मग लेखणीचा एवढा सोहळा कशाला? याचे उत्तर आपल्या लिपीत आहे. तिरप्या कापलेल्या बोरूने देवनागरीला जाड-बारीक रेषांचे जे सौष्ठव दिले, ते गोल टोकाच्या बॉलपेनमध्ये हरपते. जुन्या लवचिक किंवा चपट्या निबेने लिहून पाहावे, म्हणजे अक्षरातील दांडीला आणि वळणाला पुन्हा प्राण आल्याचा प्रत्यय येतो. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अक्षर ही अजूनही सन्मानाची कला आहे, याला देशाने मान्यताच दिली.

काय करता येईल?

केवळ हळहळ व्यक्त करून भागत नाही. कार्यकर्त्यांना आणि कुटुंबांना सहज करता येण्यासारखी काही कामे आहेत. पहिले, प्रत्येकाने आपल्या घरातील कपाटे, शिवणयंत्रांचे खण, देव्हाऱ्याखालचे फडताळ एकदा नीट पाहावे. जुने पेन सापडले तर ते विकण्याची किंवा चमकविण्याची घाई करू नये. ते कोणाचे, कोणत्या वर्षी घेतले, त्याने काय लिहिले गेले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर नोंदवावे. सांगणारी माणसे आहेत तोवरच ही नोंद शक्य आहे. नोंदीवाचून पेन म्हणजे केवळ एक नळी!

दुसरे, गावच्या सार्वजनिक वाचनालयाने किंवा शाळेने महिन्यातून एक दिवस पेनदुरुस्तीसाठी ठेवावा. निवृत्त शिक्षकांनी शिकवावे, मुलांनी हात काळे करावेत. केशाकर्षण, उष्णतेने होणारे प्रसरण, रबर आणि लाख यांचे गुणधर्म हे सारे पुस्तकातील धडे त्या मेजावर प्रत्यक्ष घडतात. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने एक बंद पेन चालते केले, त्याला आत्मविश्वासावरील व्याख्यान देण्याची गरज पडत नाही.

तिसरे, नवे पेन घ्यायचे झाल्यास राजमहेंद्री, चेन्नई, मुंबई येथील भारतीय कारागिरांचे एबोनाइट पेन आवर्जून पाहावे. भारतात हाताने लेथवर पेन कातणारे कारागीर आजही आहेत, आणि परदेशांतील रसिक त्यांच्याकडून पेने मागवितात. आपण मात्र वाढदिवसाला परदेशी नाममुद्रेचा खोका देऊन मोकळे होतो. स्वदेशी ही भाषणाच्या समारोपाची टाळी नव्हे, ती खरेदीच्या वेळी होणारी निवड आहे. आणि चौथे, दुरुस्त केलेल्या पेनाने आठवड्यातून एक तरी पत्र लिहावे. नातवाला, जुन्या शिक्षकांना, दूर गेलेल्या मित्राला. त्याखेरीज दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.

कल्याणस्वामींपाशी किती बोरू होते, ते कोणत्या वनातून आले, याची चौकशी करण्यासाठी कोणी डोमगावला जात नाही. लोक जातात ते अक्षरांसाठी. एका शिष्याने ते मन लावून लिहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी ते वाळवीपासून, ओलीपासून, उदासीनतेपासून राखले. साधन जपणे ही साधनेची पहिली पायरी आहे, अखेरची नव्हे. पेने जमवावीत, दुरुस्त करावीत, त्यांचा अभिमानही बाळगावा. पण प्रत्येक संग्राहकाच्या पेटीत पेनांशेजारी त्यांनी लिहिलेल्या कागदांचा एक गठ्ठाही असावा. तो गठ्ठा नसेल, तर त्या पेटीतील झरणी आटलेली आहे असेच समजावे, मग ती सोन्याची का असेना.